कोळी केवढा होता?

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर मावशीने एक छायाचित्र पाठवले. भिंतीवर एक कोळी, शेजारी दाराची चौकट, आणि कोळ्याचा पसारा जवळजवळ परातीएवढा. खाली मजकूर होता : 'सह्याद्रीत सापडला जगातील सर्वांत मोठा कोळी. मुलांना सांभाळा.' घरात भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला मी एकटाच. त्यामुळे 'हे खरं का रे?' हा प्रश्न रीतीप्रमाणे माझ्याकडे आला.

पहिले उत्तर सोपे होते. हात लांब करून धरलेला अंगठा पौर्णिमेच्या चंद्राला सहज झाकतो. म्हणून कोणी अंगठा चंद्राहून मोठा मानत नाही. वस्तू डोळ्याशी किंवा भिंगाशी जो कोन करते, तो तिच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. प्राणी भिंगाजवळ आणि माणूस, चौकट किंवा गाडी मागे असली की तळहाताएवढा जीव राक्षसी दिसू लागतो. २००४ साली इराकमधून असेच एक छायाचित्र जगभर फिरले होते. त्यात सैनिकाच्या पायाएवढा लांब 'कोळी' लटकताना दिसत होता. प्रत्यक्षात ते एकमेकांना पकडून लोंबणारे दोन प्राणी होते आणि ते कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरलेले होते. शिवाय ते कोळी नव्हतेच. ज्याला उंटकोळी म्हणतात तो अष्टपाद वर्गातला असला तरी कोळ्यांच्या गणातला नाही. त्याला विष नसते आणि तो जाळेही विणत नाही.

मावशीचे यावर समाधान झाले नाही. तिने उलट विचारले, 'मग खरा मोठा असतो तरी केवढा?' हा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला होता. मी कोळ्यांचा अभ्यासक नाही, पण या उत्तराच्या मागे लागून जे वाचले ते प्राणिशास्त्राइतकेच विश्वासाच्या इतिहासाचे होते. कोळ्याविषयी खरे सांगणारी एक बाई लबाड ठरवली गेली आणि जो कोळी कधी अस्तित्वातच नव्हता तो २५ वर्षे संग्रहालयांत मांडला गेला. आपल्या देशातल्या एका निळ्या कोळ्याचे तर सध्या आपल्या कुतूहलामुळेच काय होईल ते सांगता येत नाही.

आधी मावशीच्या प्रश्नाचे उत्तर. 'सर्वांत मोठा' म्हणजे काय, यावर ते अवलंबून आहे. वजनाने पाहिले तर मान दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातील वर्षावनांत राहणाऱ्या थेराफोसा ब्लाँडीचा. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर आंद्रे लात्रेय याने १८०४ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. मोठ्या मादीचे वजन १७० ग्रॅमपर्यंत जाते, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी सफरचंदाएवढे. पायांचा पसारा २८ सेंटिमीटर. पसाऱ्यानेच मोजायचे तर लाओसच्या गुहांतला हेटेरोपोडा मॅक्सिमा पुढे जातो. त्याचे पाय पसरले की ३० सेंटिमीटर भरतात, पण धड पाच सेंटिमीटरांच्याही आत. एक मल्ल आणि दुसरा सडपातळ धावपटू म्हणा. गंमत अशी की, या दुसऱ्याचे वर्णन जर्मन अभ्यासक पीटर येगर यांनी केले ते थेट २००१ साली. माणसाने चंद्रावर पाऊल ठेवून तीन दशके उलटली, तेव्हा कुठे जगातला सर्वांत लांब पायांचा कोळी शास्त्राच्या वहीत आला.

यांतल्या पहिल्याला इंग्रजीत 'पक्षी खाणारा' म्हणतात. हे नाव कुठून आले, ही गोष्ट जरा निवांत सांगण्यासारखी आहे.

मारिया सिबिला मेरियन ही १६४७ साली फ्रँकफर्टमध्ये जन्मलेली चित्रकार. लहानपणापासून तिला सुरवंट पाळण्याचा नाद होता. कोणता सुरवंट कोणते पान खातो, कोशातून कोणते फुलपाखरू बाहेर पडते, हे ती पाहून चितारत असे. चिखलातून किडे आपोआप उपजतात, हा समज युरोपात अजून पुरता गेलेला नव्हता तो हा काळ. १६९९ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, ती धाकट्या मुलीला घेऊन ॲम्स्टरडॅमहून जहाजाने सुरिनामला गेली. सुरिनाम त्या वेळी डचांच्या उसाच्या मळ्यांची वसाहत होती. (आपल्याकडचे मजूर तिथे नेले जाऊ लागले ते पुढे १८७३ पासून, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत.) मेरियनला वनस्पती आणि किडे आणून देणारे, त्यांची माहिती सांगणारे लोक मुख्यतः तिथले मूलनिवासी आणि मळ्यांवर राबणारे आफ्रिकी गुलाम होते. दोन वर्षांत आजारपणाने तिला परतावे लागले. १७०५ साली तिचा सुरिनामच्या कीटकांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ६० चित्रपट्टे होते.

त्यातला अठरावा चित्रपट्ट विलक्षण आहे. पेरूची फांदी. तिच्यावर पाने कातरणाऱ्या मुंग्या, त्यांनी एकमेकींना धरून केलेला पूल, काही कोळी. आणि खालच्या बाजूस एका केसाळ, काळपट कोळ्याने गुंजनपक्ष्याला घरट्याबाहेर ओढून उताणे पाडलेले. मजकुरात तिने लिहिले की, हे कोळी मुंग्या न मिळाल्यास घरट्यातले लहान पक्षी पकडतात.

त्या शतकात या चित्राने युरोपला भुरळ घातली. लिनेयसने १७५८ साली या कोळ्याला 'ॲव्हिक्युलेरिया' हे नाव दिले. लॅटिनमध्ये 'ॲव्हिक्युला' म्हणजे छोटा पक्षी. चित्राच्या जोरावर नाव मिळालेला प्राणी, असे हे उदाहरण. नाव मात्र टिकले आणि चित्रावरचा विश्वास उडाला.

एकोणिसाव्या शतकात प्राणिशास्त्र हौशी संग्राहकांच्या हातून व्यावसायिकांच्या हाती जाऊ लागले, तशी मेरियनची उलटतपासणी सुरू झाली. १८३४ साली लॅन्सडाउन गिल्डिंग या पाद्र्याची टीका छापून आली. कॅरिबियन बेटांवर राहणाऱ्या या गृहस्थांनी सुरिनाम पाहिलेले नव्हते, पण मेरियनच्या चुकांची यादी त्यांनी कठोरपणे मांडली. त्याच वर्षी विल्यम शार्प मॅक्ले या नामवंत निसर्गशास्त्रज्ञाने क्यूबातल्या कोळ्यांच्या स्वतःच्या निरीक्षणांवरून पक्षी खाणाऱ्या कोळ्याची गोष्ट ही दंतकथाच ठरवली. त्यांच्या बाजूला काहीच नव्हते असे नाही. मेरियनच्या चित्रात गुंजनपक्ष्याच्या घरट्यात चार अंडी आहेत. हे पक्षी एरवी दोनच अंडी घालतात. एका चित्रात एक चूक पकडली गेली की साऱ्या चित्रावर शंका घेणे सोपे जाते. चित्रकार बाई असली आणि तिची माहिती गुलामांकडून आलेली असली, तर मग त्या काळी विचारायलाच नको.

येथे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला मॅक्लेची थोडी बाजू घ्यावीशी वाटते. क्वचित घडणारी गोष्ट एकाच साक्षीदाराने सांगितली, तर तिचे करायचे काय? १४ फेब्रुवारी १९८२ रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठात ब्लास काब्रेरा यांच्या उपकरणात, अतिसंवाहक तारेच्या वेटोळ्यात, एकदाच एक उडी नोंदली गेली. चुंबकाचे सुटे एकच टोक, म्हणजे चुंबकीय एकध्रुव, वेटोळ्यातून गेल्यावर जेवढी यावी तेवढीच ती होती. अशी नोंद पुन्हा कधीही झाली नाही. काब्रेरांना कोणी लबाड म्हटले नाही आणि एकध्रुव सापडला असेही कोणी मानले नाही. मॅक्ले एवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. 'मला दिसले नाही' येथून 'असे होतच नाही' येथे त्यांनी उडी मारली. मात्र त्यांच्या मोठेपणाचीही नोंद घ्यायला हवी. पुढे ते सिडनीला जाऊन राहिले. तिथे पक्ष्याचे पिल्लू कोळ्याच्या तावडीत सापडलेले त्यांनी स्वतःच पाहिले आणि १८४२ मध्ये आपले मत मागे घेत असल्याचे छापून प्रसिद्ध केले. शास्त्रीय नियतकालिकांत अशी कबुली आजही वरचेवर वाचायला मिळत नाही.

मेरियनच्या बाजूने निर्णायक साक्ष दिली ती हेन्री वॉल्टर बेट्स यांनी. ११ वर्षे ॲमेझॉनच्या खोऱ्यात काढलेल्या या इंग्रज संग्राहकाचे प्रवासवर्णन १८६३ साली प्रसिद्ध झाले. तोकांतिन्स नदीकाठच्या कामेता गावाजवळ झाडाच्या खोडावर त्यांना एक मोठा कोळी दिसला. खोडाच्या भेगेवर दाट पांढरे जाळे होते आणि त्याच्या फाटक्या भागात दोन छोटे पक्षी अडकले होते. एक मेलेला, दुसरा कोळ्याच्या अंगाखाली शेवटच्या घटका मोजणारा. बेट्स यांनी कोळ्याचे माप घेतले, पायांचा पसारा नोंदला आणि मेरियनचे नाव घेऊन ही गोष्ट खरी असल्याचे लिहिले. मूळ चित्रानंतर १५८ वर्षांनी!

'स्थानिकांना हे सगळे आधीपासूनच ठाऊक होते. गोऱ्या शास्त्रज्ञांनाच कळले नाही' असा शेवट या गोष्टीला शोभला असता. मीही तो लिहायला घेतला होता. पण बेट्स स्पष्ट सांगतात की, तिथल्या रहिवाशांनाही ही गोष्ट नवीच होती. पक्षी हा या कोळ्यांचा रोजचा आहार नाहीच. थेराफोसा ब्लाँडीसुद्धा मुख्यतः गांडुळे, मोठे किडे, प्रसंगी बेडूक यांवर जगतो. मेरियनने किंवा तिला सांगणाऱ्याने जे पाहिले ते दुर्मीळ होते आणि खरे होते. बेट्सच्याच पुस्तकात आणखी एक दृश्य आहे. त्यांच्यासाठी प्राणी गोळा करणाऱ्या एका मूलनिवासी कुटुंबातली मुले अशाच एका कोळ्याच्या कमरेला दोरी बांधून त्याला कुत्र्यासारखे घरभर फिरवत होती. शास्त्रज्ञ कोळ्याच्या भक्ष्याविषयी वाद घालत असताना पोरांनी त्याला पाळूनही टाकले होते.

याउलट घडलेली गोष्ट अर्जेंटिनातली. १९८० साली मारियो ह्यूनिकेन यांनी सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातला एक जीवाश्म 'मेगारॅक्ने' या नावाने जगापुढे ठेवला. अर्थ सरळच, महाकोळी. शरीर ३० सेंटिमीटरांहून लांब, पायांचा अंदाजे पसारा अर्धा मीटर. त्याच्या प्रतिकृती अनेक संग्रहालयांत झळकल्या, विक्रमांच्या याद्यांत तो चढला. मग दुसरा, अधिक चांगला नमुना सापडला आणि २००५ मध्ये निष्कर्ष आला की, हा कोळी नसून पाण्यात राहणारा युरिप्टेरिड, म्हणजे समुद्री विंचवांच्या गटातला प्राणी आहे. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत पॉल सेल्डन आणि होसे कोर्रोंका यांच्याबरोबर स्वतः ह्यूनिकेन होते. मॅक्लेची परंपरा अगदीच खुंटली नव्हती म्हणायची. प्राचीन जीवांवरच्या बीबीसीच्या मालिकेचे काम तोवर इतके पुढे गेले होते की, त्याच वर्षी पडद्यावर तो महाकोळी दिमाखाने चालला. आज ज्ञात असलेला सर्वांत मोठा खरा जीवाश्म कोळी चीनच्या आतील मंगोलियातला, सुमारे १६.५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याचे धड अडीच सेंटिमीटर. एवढा कोळी आपल्या बागेतही भेटतो.

मेगारॅक्नेवर लोकांनी विश्वास का ठेवला? कारण तो अशक्य नव्हता. त्या युगात हवेतले प्राणवायूचे प्रमाण आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त होते. पाऊण मीटरच्या आसपास पंखविस्ताराचे चतुरासारखे कीटक उडत होते आणि दोन मीटरांहून लांब सहस्रपाद जमिनीवर सरपटत होते. त्यांच्या शेजारी अर्ध्या मीटरचा कोळी खपून गेला. पण मर्यादा आहे, आणि ती गॅलिलिओने १६३८ सालीच दाखवली होती. एखाद्या प्राण्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर वजन आठपट होते, पण भार पेलणाऱ्या पायांचा छेद चौपटच होतो. १९५५ च्या 'टॅरँट्युला' या हॉलिवुडपटात वाळवंटातून चाललेला कोळी घरांहून उंच आहे. थेराफोसा शंभरपट मोठा करून पाहा. पसारा २८ मीटर होईल. वजन १७० ग्रॅमचे दहा लाख पट, म्हणजे १७० टन. पायांचा छेद मात्र दहा हजारपटच वाढेल. प्रत्येक पायावरचा ताण शंभरपट. तो कोळी चालणार नाही. उभाही राहणार नाही.

त्यात कोळ्याची आणखी अडचण आहे. पाय दुमडायला त्याच्याकडे स्नायू आहेत, पण महत्त्वाच्या सांध्यांत पाय सरळ करायला स्नायूच नाहीत. तो शरीरातल्या द्रवाचा दाब वाढवून पाय लांब करतो. जेसीबीचा हात जसा तेलाच्या दाबावर चालतो, तसाच. मेलेल्या कोळ्याचे पाय आत वळलेले असतात ते म्हणूनच. दाब संपला की फक्त दुमडणारे स्नायू उरतात. श्वसनासाठी मोठ्या कोळ्यांकडे पुस्तकाच्या पानांसारख्या थरांची फुप्फुसे असतात. त्यांतून मिळणारा प्राणवायू थोड्या वेळाच्या धावेला पुरतो, लांब पाठलागाला नाही. आणि कात टाकताना साऱ्या शरीराचा भार काही काळ मऊ कवचावरच येतो. जडपणाची किंमत आजच्या मोठ्या कोळ्यांनाही मोजावी लागतेच. हातभर उंचीवरून पडलेल्या टॅरँट्युलाचे पोट फुटू शकते. 'योग्य आकार' या विषयावर १९२६ साली सर्वांत वाचनीय निबंध लिहिणारे जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. विद्यार्थ्यांनी तो निबंध जरूर मिळवून वाचावा. त्यात गणित जवळजवळ नाहीच, तरी सगळे गणित कळते.

आता भारतात येऊ. 'टॅरँट्युला' हा शब्द मुळात इटलीतल्या तारांतो गावाचा. ज्याच्या चाव्यावर उतारा म्हणून तिथले लोक बेभान नाचत, तो कोळी वेगळ्याच कुळातला आणि आकाराने बेताचा होता. युरोपीय लोक जगभर पसरले तसे ते नाव भेटेल त्या मोठ्या केसाळ कोळ्याला चिकटत गेले. आपल्याकडेही या कुळाच्या अनेक जाती आहेत आणि शास्त्राच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान आहे. १८७० च्या दशकात आसाममधले चहामळेवाले एस. ई. पील यांनी एक मोठा कोळी आवाज करताना ऐकला. ताटलीत वरून बंदुकीचे बारीक छर्रे ओतावेत तसा तो आवाज होता. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले जेम्स वुड-मेसन यांनी त्या कोळ्याची तपासणी करून तोंडाजवळच्या अवयवांवर एकमेकांवर घासली जाणारी काट्यांची फणी शोधली. या जातीचे आजचे नाव चिलोब्रॅकिस स्ट्रिड्युलन्स. आवाज करणारा म्हणून त्याची कीर्ती कलकत्त्याहून लंडनला पोहोचली.

त्याच आसामात २०१२ साली सादियातून वेगळीच बातमी आली. टॅरँट्युलासारख्या कोळ्यांच्या झुंडींनी लोकांवर हल्ला केल्याचे वर्तमानपत्रांत छापून आले आणि दोन मृत्यू चाव्याशी जोडले गेले. शवविच्छेदन झालेले नव्हते. जखमा ब्लेडने कापून रक्त काढण्याचे उपचार झाल्याचेही त्याच बातम्यांत होते, पण मथळ्यात फक्त कोळी होता. टॅरँट्युलाच्या विषाने माणूस दगावल्याची खात्रीलायक वैद्यकीय नोंद जगात नाही. काही जातींच्या चाव्याने दिवसेंदिवस स्नायूंत पेटके येतात, तेव्हा गंमत म्हणून हात लावण्याचा हा प्राणी नव्हे, हेही तितकेच खरे. त्या दोन घरांतले दुःख खरे होते. त्याचे कारण शोधायला जी चौकशी लागली असती, ती अफवेच्या वेगापुढे मागे पडली.

आणि आता तो निळा कोळी. रेजिनल्ड इन्स पोकॉक हे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले अष्टपादतज्ज्ञ. ते भारतातून आलेले नमुने तपासत आणि १९०० साली 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतला अष्टपादांचा खंड त्यांनीच लिहिला. १८९९ मध्ये त्यांनी एकाच नमुन्यावरून 'पोइसिलोथेरिया मेटॅलिका' या जातीचे वर्णन केले. नमुना मिळाला होता गुत्तीच्या रेल्वेच्या लाकूडवखारीत. होय, तीच गुत्ती, मुरारराव घोरपड्यांची. मराठ्यांच्या इतिहासात बेलाग किल्ल्यासाठी ओळखले जाणारे आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यातले हे गाव प्राणिशास्त्रात एका कोळ्यामुळे अमर झाले. त्यानंतर १०२ वर्षे हा कोळी कुणाही अभ्यासकाला दिसला नाही. तो पुन्हा सापडला तो नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात, गुत्तीच्या पूर्वेस शंभराहून अधिक किलोमीटरवर. हा झाडांच्या ढोलीत राहणारा प्राणी. तोडलेल्या ओंडक्यातून आगगाडीने तो गुत्तीच्या वखारीत आला असावा, असे आता मानले जाते.

त्याचा पसारा तळहातावर मावेल न मावेल एवढा. थेराफोसापुढे तो लहानच. पण रंग! पायांवर, पाठीवर नीलमण्यासारखा निळा आणि सांध्यांवर पिवळे ठिपके. हा निळा रंग कोणत्याही रंगद्रव्याचा नाही. केसांच्या आतल्या अतिसूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून तो घडवतात. या जातीचे भौतिकशास्त्र आपल्याला परके नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३० च्या दशकात नीळकंठ पक्ष्याच्या पिसांचा निळा रंग याच दृष्टीने अभ्यासला होता. २०१५ साली बोर-काय स्युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, टॅरँट्युलांच्या कुळात निळा रंग किमान आठ वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला. प्रत्येक वेळी सूक्ष्म रचना वेगळी, पण परावर्तित प्रकाश जवळजवळ तोच, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा. रात्री हिंडणाऱ्या, रंगांध समजल्या जाणाऱ्या प्राण्यांना हा निळा कशासाठी हवा? २०२० मध्ये सीर्शा फोली, विनोदकुमार सरनाथन आणि विल्यम पील यांनी टॅरँट्युलांच्या डोळ्यांत रंग ओळखण्यास लागणारी प्रथिने व्यक्त होत असल्याचे दाखवले आणि प्रश्न पुन्हा उघडला. मला विचाराल तर वजनाच्या विक्रमापेक्षा हे कोडे कितीतरी मोठे आहे.

पण या रंगानेच त्याच्यावर संकट ओढवले. कोळी पाळणाऱ्यांची दुनिया युरोप-अमेरिकेत मोठी आहे आणि पुन्हा शोध लागल्यावर थोड्याच वर्षांत हा निळा कोळी त्यांच्या काचेच्या पेट्यांत पोहोचला. भारतातून तो गेला कसा, याचे कोणतेही सरळ उत्तर नाही. त्या काळी आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत कोळ्यांना स्थानच नव्हते. इकडे जंगलात त्याचे घर शंभर चौरस किलोमीटरांहूनही कमी, तेही सरपणासाठी होणाऱ्या तोडीने विरळ होत चाललेले. जुनी, ढोली असलेली झाडे गेली की कोळी जमिनीवर येऊन राहणार नाही. २००८ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला 'अतिसंकटग्रस्त' ठरवले. २०१९ मध्ये पोइसिलोथेरियाची संपूर्ण प्रजाती साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली. २०२२ च्या दुरुस्तीने या करारातील प्राण्यांना आपल्या कायद्यातही जागा मिळाली.

पाळणारे सगळे खलनायक आहेत असे मी म्हणणार नाही. पेटीत पैदास झालेले कोळी विपुल मिळू लागले, तर जंगलातून उचलण्याची गरज कमी होते, हा त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. लोकांच्या भावनाही बदलल्या आहेत. २०१४ साली पिओत्र नास्क्रेत्स्की या कीटकशास्त्रज्ञाने गयानाच्या जंगलात रात्री भेटलेल्या थेराफोसाची हकीकत लिहिली. पाचोळ्यातली खसखस ऐकून त्याला आधी एखादा लहान सस्तन प्राणी वाटला होता. 'कुत्र्याच्या पिल्लाएवढा कोळी' अशा मथळ्यांनी ती हकीकत जगभर पोहोचली. पण तो नमुना संग्रहालयासाठी मारून जतन केला होता हे कळताच त्याच्यावर शिव्यांचा आणि धमक्यांचा पाऊस पडला. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या कोळ्यासाठी कोणी हळहळले नसते. आता लोक हळहळतात, पण ती हळहळ ज्याचे छायाचित्र त्यांनी पाहिले त्या एका कोळ्यापुरती असते. नंद्यालजवळच्या ढोलीच्या झाडांपर्यंत ती अजून पोहोचलेली नाही.

परदेशातल्या त्या पेट्यांवर आजही चिठ्ठी असते ती 'गुटी सफायर' अशी. ज्या वखारीत तो एकदाच, चुकून सापडला, तिचेच नाव घेऊन तो जगभर विकला जातो.

हे सगळे मी मावशीला फोनवर सांगितले. परातीएवढ्या कोळ्याची भीती एव्हाना विरली होती. ती म्हणाली, 'तो निळा मात्र एकदा पाहायला हवा. नक्की कुठे दिसतो, ते सांग ना, गटावर टाकते.' दुर्मीळ जातींचे नेमके ठिकाण छापले की तिथे संग्राहक अभ्यासकांच्या आधी पोहोचतात, हा अनुभव जगभरचा आहे. म्हणून अनेक अभ्यासक आता शोधनिबंधातही ते देत नाहीत. मी तिला नंद्याल आणि गिद्दलूर एवढीच नावे सांगितली. तेवढीच इथेही लिहिली आहेत.